एका बचावपटूचा जमाखर्च

२५ जुलै २०१३ ची संध्याकाळ. स्वीडनमधील नॉरशोपिंग शहराच्या मैदानावर महिलांच्या युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना रंगला होता. एका बाजूला नॉर्वे, दुसऱ्या बाजूला डेन्मार्क. तिसऱ्याच मिनिटाला नॉर्वेने गोल केला आणि त्यानंतर तासाहून अधिक काळ डेन्मार्कच्या मुली बरोबरीसाठी झुंजत राहिल्या. नियमित वेळ संपण्यास अवघी तीन मिनिटे उरली असताना मारियान क्नुडसेन हिने ती बरोबरी साधली. जादा वेळेतही निर्णय लागला नाही आणि सामना पेनल्टी फटक्यांवर गेला.

पेनल्टी म्हणजे गोलापासून अकरा मीटरवर ठेवलेला चेंडू, समोर एकटी गोलरक्षक आणि मारणारी खेळाडूही एकटीच. अकरा जणींचा खेळ त्या क्षणी एकीचा होतो. नॉर्वेची अनुभवी गोलरक्षक इंग्रिड येल्मसेट हिने त्या संध्याकाळी डेन्मार्कचे दोन फटके अडवले. त्यांपैकी एक लीने रॉडिक हान्सन हिचा होता आणि दुसरा तेरेसा निल्सन हिचा. नॉर्वे ४-२ ने जिंकून अंतिम फेरीत गेले. डेन्मार्कच्या महिला संघाला तोवर युरोपीय अंतिम सामना कधीच खेळता आला नव्हता. तो या वेळीही हुकला.

१९८६ साली जन्मलेली तेरेसा तेव्हा नुकतीच सत्तावीस वर्षांची झाली होती. तिच्या कारकिर्दीची गोष्ट त्या संध्याकाळी थांबली असती, तर आज तिच्याविषयी लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु तोट्याचा एक दिवस म्हणजे संपूर्ण वर्षाचा ताळेबंद नव्हे, हे व्यापारी घरात वाढलेल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

बचावपटूचे काम

तेरेसा निल्सन ही राइट बॅक, म्हणजे बचावफळीत उजव्या कडेला खेळणारी खेळाडू. फुटबॉलमध्ये कीर्ती बहुतेक वेळा गोल करणाऱ्यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाव आणि छायाचित्र त्यांचेच असते. बचावपटूचा हिशेब उलटा असतो. तिने नव्वद मिनिटांत वीस वेळा प्रतिस्पर्ध्याचा मार्ग रोखला, तर त्याची नोंद कोणी ठेवत नाही. एकविसाव्या वेळी ती चुकली, तर तीच चूक सर्वांच्या स्मरणात राहते. जे घडू दिले नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. दुकानात वेळेवर ओळखलेली बुडीत उधारी किंवा गोदामात वेळीच हलवलेला माल यांचे जसे कोणी कौतुक करीत नाही, तसेच हे काम आहे.

आधुनिक खेळात राइट बॅकवर आणखी एक जबाबदारी येऊन पडली आहे. आपला संघ चढाई करीत असेल, तेव्हा तिने कडेने पुढे धावत जावयाचे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर चेंडू पोचवावयाचा आणि चेंडू हातचा गेला की तितक्याच वेगाने मागे परतावयाचे. या ये-जा करण्यात दमछाक मोठी. पुढे गेले तर मागे पोकळी राहते, मागेच थांबले तर चढाई दुबळी पडते. केव्हा धोका पत्करावा आणि केव्हा जागा राखावी, हा निर्णय तिला सामन्यात पुन्हा पुन्हा, क्षणार्धात घ्यावा लागतो. तेरेसा या दोन्ही अंगांनी खेळणारी होती. कोपनहेगनजवळच्या ब्रॉन्डबी या नामांकित क्लबकडून ती खेळली आणि डेन्मार्ककडून तिने शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

मागे उभी असलेली परंपरा

तेरेसाच्या मागे जी परंपरा उभी होती, ती जाणून घेतल्याशिवाय पुढील प्रसंगांचे महत्त्व कळणार नाही. महिलांच्या फुटबॉलला जगात फारशी मान्यता नव्हती, त्या काळात डेन्मार्कच्या महिलांनी दोन वेळा जगज्जेतेपद मिळवले होते. १९७० साली इटलीत झालेली महिलांची जागतिक स्पर्धा डेन्मार्कने जिंकली. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर, सुमारे एक लाख दहा हजार प्रेक्षकांसमोर, डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला ३-० असे हरवले. तिन्ही गोल सुसाने ऑगस्टसेन या अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलीने केले होते.

या दोन्ही स्पर्धा अनधिकृत मानल्या जात, कारण जागतिक फुटबॉल संघटनेची त्यांना मान्यता नव्हती. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेनेही महिलांचा खेळ १९७२ पर्यंत आपल्या छत्राखाली घेतला नव्हता. ज्या देशाच्या नावाने त्या मुलींनी करंडक जिंकले, त्या देशाच्या संघटनेच्या वहीत त्यांची नोंदच नव्हती. कामगिरी आधी झाली आणि मान्यता नंतर आली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सेहेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न निराळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

चिठ्ठीने उघडलेले दार

२०१३ च्या त्या स्पर्धेकडे पुन्हा वळू. डेन्मार्कचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, हेच मुळात नवल होते. पहिल्या सामन्यात यजमान स्वीडनला मिळालेल्या दोन पेनल्टी गोलरक्षक स्टिना लिके पेटरसन हिने अडवल्या आणि सामना १-१ असा सुटला. नंतर इटलीकडून १-२ असा पराभव झाला आणि फिनलंडशी पुन्हा १-१ अशी बरोबरी झाली. तीन सामन्यांत एकही विजय नाही आणि गुण केवळ दोन. दुसऱ्या गटात रशियाचेही तितकेच गुण होते. पुढे कोणी जावयाचे, याचा निर्णय अखेर चिठ्ठ्या टाकून झाला आणि चिठ्ठी डेन्मार्कच्या नावाची निघाली.

दैवाने दार उघडले. आत पाऊल मात्र स्वतःलाच टाकावे लागते. उपांत्यपूर्व सामन्यात समोर होता फ्रान्सचा संघ, ज्याने गटातील तिन्ही सामने जिंकले होते. डेन्मार्कने त्याला १-१ असे रोखले आणि पेनल्टी फटक्यांवर ४-२ ने घरी पाठवले. तीनच दिवसांनी नॉरशोपिंगला तेच फटके आणि तोच ४-२ हा आकडा डेन्मार्कच्या विरुद्ध गेला. एका आठवड्यात चिठ्ठीने दिले, पेनल्टीने दिले आणि पेनल्टीनेच परत घेतले.

त्यानंतरची वर्षे सोपी नव्हती. २०१५ च्या विश्वचषकासाठी डेन्मार्कचा संघ पात्र ठरू शकला नाही. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मोजकी असतात. एक विश्वचषक हुकला की पुढच्यासाठी चार वर्षे थांबावे लागते आणि तोवर शरीर साथ देईलच, याची हमी कोणीच देत नाही. तेरेसा खेळत राहिली. पुढे ती डेन्मार्क सोडून ऑस्लोच्या वॉलेरेंगा या क्लबकडे गेली. ज्या नॉर्वेच्या गोलरक्षकाने तिचा फटका अडवला होता, त्याच नॉर्वेत तिने आपले काम शोधले.

रॉटरडॅमची दुपार

२०१७ ची युरोपीय स्पर्धा नेदरलँड्समध्ये भरली. प्रथमच सोळा संघ सहभागी झाले होते. डेन्मार्कने बेल्जियमला १-० ने हरवले, यजमानांकडून ०-१ अशी हार पत्करली आणि गटातील अखेरच्या सामन्यात नॉर्वेला १-० ने पराभूत करून पुढची फेरी गाठली. चार वर्षांपूर्वी ज्यांनी वाट अडवली होती, तेच या वेळी गटातून बाहेर पडले.

उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली जर्मनीशी. हे नाव साधे नव्हते. १९९५ पासून सलग सहा वेळा युरोपचे अजिंक्यपद जर्मनीकडेच होते आणि आदल्याच वर्षी ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांनीच जिंकले होते. सामना २९ जुलैच्या संध्याकाळी व्हावयाचा होता. परंतु रॉटरडॅममध्ये इतका पाऊस कोसळला की मैदानावर पाणी साचले आणि सामना दुसऱ्या दिवशी दुपारवर ढकलावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच मिनिटाला इसाबेल केर्शोव्स्कीने मारलेला चेंडू गोलरक्षक पेटरसनच्या हातून निसटून गोलात गेला. २०१३ मध्ये संघाला तारणारी हीच पेटरसन; आज तिच्याकडूनच चूक झाली. अशा वेळी संघाची खरी परीक्षा होते. डेन्मार्कच्या बचावफळीने पुढे काही वाकडे होऊ दिले नाही. मध्यंतरानंतर चारच मिनिटांत नादिया नदिम हिने डोक्याने चेंडू गोलात धाडून बरोबरी साधली. बालपणी वडिलांची तालिबान्यांनी हत्या केल्यानंतर अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून डेन्मार्कमध्ये आलेली ही मुलगी आता डेन्मार्कचा आधार बनली होती.

आणि मग आले ८३ वे मिनिट. चढाई चालू असताना उजव्या बाजूची बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर पोचली होती. कडेने चेंडू उंच आला, ती उडी घेऊन त्याला सामोरी गेली आणि तिने डोक्याने तो गोलात लोटला. ती होती तेरेसा निल्सन. डेन्मार्क २, जर्मनी १. उरलेल्या मिनिटांत जर्मनीला उत्तर सापडले नाही. बावीस वर्षांची मक्तेदारी एका बचावपटूच्या हेडरने मोडीत निघाली.

तिचे वय तेव्हा एकतीस होते. सामना अखेरच्या टप्प्यात असताना, पाय थकलेले असताना, बरोबरी टिकवून जादा वेळेची वाट पाहणे हा सुरक्षित मार्ग होता. त्या मिनिटाला आपली जागा सोडून पुढे धावण्यात जोखीम होती. मागे मोकळी जागा राहिली असती आणि गोल झाला असता, तर दोष पुन्हा तिच्याच माथी आला असता. ज्या खेळाडूने एकदा निर्णायक क्षणी अपयश सोसले आहे, तिने पुन्हा तशाच क्षणात स्वतःहून शिरणे, याला धैर्य म्हणतात. २०१३ चा फटका त्या गोलाने पुसला गेला असे नाही. खात्यातील नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली नवी नोंद लिहिता येते.

उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाशी ०-० अशी बरोबरी झाली. पुन्हा पेनल्टी. या वेळी ऑस्ट्रियाला एकही फटका साधता आला नाही आणि डेन्मार्क ३-० ने जिंकून इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोचले. ६ ऑगस्ट रोजी एन्स्खेडे येथे अठ्ठावीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर यजमान नेदरलँड्सशी झालेला अंतिम सामना रंगतदार झाला. डेन्मार्कने आधी आघाडी घेतली, नंतर २-२ अशी बरोबरीही साधली. पण अखेर नेदरलँड्सने ४-२ अशी बाजी मारली. करंडक हुकला, तरी देशाने या संघाला डोक्यावर घेतले.

मोलाचा प्रश्न

येथे एखादी सुखान्त गोष्ट संपली असती. प्रत्यक्षात खरी कसोटी यानंतर सुरू झाली.

खेळाडू आणि डेन्मार्कची फुटबॉल संघटना यांच्यातील करार आधीच संपला होता आणि नव्या करारावर बोलणी रखडली होती. प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. राष्ट्रीय संघाकडून खेळणाऱ्या महिलांना संघटनेच्या कर्मचारी मानावे की नाही, हा वादाचा गाभा होता. कर्मचारी म्हटले की त्याबरोबर हक्क येतात आणि जबाबदाऱ्याही येतात. खेळाडूंचे म्हणणे असे, की आम्ही देशासाठी जे करतो ते काम आहे. त्याला कामाचा दर्जा आणि कामाचे मोल मिळावे. अनेक जणींना क्लबमधून मिळणाऱ्या पैशांवर घर चालवणे कठीण होते, त्यामुळे राष्ट्रीय संघासाठी दिलेल्या दिवसांचा मोबदला हा चैनीचा विषय नव्हता.

सप्टेंबर २०१७ मध्ये डेन्मार्क व नेदरलँड्स यांच्यात मैत्रीपूर्ण सामना ठरला होता. नुकत्याच झालेल्या अंतिम सामन्यातील दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर येणार होते. करार झाला नाही आणि तो सामना रद्द झाला. त्याच सुमारास डेन्मार्कच्या पुरुष संघाने एक उल्लेखनीय पाऊल उचलले. महिला खेळाडूंसाठी आपल्या वाट्यातील पाच लाख क्रोनर सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली. घरातील मोठ्या भावाने आपल्या पानातील घास धाकटीला द्यावा, तशी ती कृती होती. तरीही वाद मिटला नाही. तात्पुरत्या समझोत्यावर हंगेरीविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना खेळला गेला. परंतु २० ऑक्टोबर रोजी स्वीडनविरुद्ध व्हावयाचा पात्रता सामना मात्र झालाच नाही.

मैत्रीपूर्ण सामना रद्द होणे वेगळे आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील सामना न खेळणे वेगळे. युरोपीय संघटनेने हा सामना स्वीडनने ३-० असा जिंकल्याचे घोषित केले, डेन्मार्कच्या संघटनेला वीस हजार युरोचा दंड ठोठावला आणि पुन्हा असे घडल्यास स्पर्धेतून बाद करण्याची ताकीद दिली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अखेर चार वर्षांचा करार झाला. महिला संघावरील खर्चात दर वर्षी वीस लाख क्रोनरची वाढ करण्याचे संघटनेने मान्य केले. दोन्ही बाजू थोड्या पुढे आल्या, थोड्या मागे सरल्या. ज्यांनी कधी भाव ठरवण्यासाठी रात्र-रात्र बसून सौदे केले आहेत, त्यांना ठाऊक असते की टिकणारा करार तोच, ज्यात उठताना दोघांनाही थोडे सोडावे लागते.

चुकवलेली किंमत

या कराराची किंमत मात्र लगेच कळली नाही. ती वर्षभराने समोर आली.

पात्रता गटातील अखेरचा सामना ४ सप्टेंबर २०१८ रोजी डेन्मार्कमधील व्हिबॉर्ग येथे, पुन्हा स्वीडनशीच झाला. जिंकले तर डेन्मार्क गटात पहिले आणि थेट विश्वचषकात. डेन्मार्क ०-१ ने हरले. आदल्या वर्षी न खेळलेल्या सामन्यातील गुण हाती असते, तर या दिवसाचे गणित कदाचित वेगळे असते. तरी एक संधी उरली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या चार संघांमध्ये झालेल्या फेरीत गाठ पडली नेदरलँड्सशीच. पहिला सामना ०-२ आणि दुसरा १-२ असा गमावून डेन्मार्क बाहेर पडले. २०१९ च्या फ्रान्समधील विश्वचषकात डेन्मार्क नव्हते. ज्या नेदरलँड्सने त्यांना बाहेर काढले, तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

तेरेसाच्या पिढीतील खेळाडूंसाठी हा घाव खोल होता. विशी ओलांडलेल्या खेळाडूला पुढच्या विश्वचषकाची आशा धरता येते. तिशी ओलांडलेल्या बचावपटूसाठी तो बहुधा अखेरचा असतो. तेरेसा त्या सुमारास अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये सिॲटल रेन या संघाकडून खेळत होती. जगातील उत्तम खेळाडूंच्या त्या लीगमध्ये तिशीनंतर स्थान मिळणे ही तिच्या खेळाला मिळालेली पावतीच होती. युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना तिला लाभला. विश्वचषकाचे ते मैदान मात्र तिच्या संघासाठी उघडले नाही.

मग प्रश्न उरतो: त्यांनी केले ते योग्य होते का? सामना न खेळण्याने चाहते दुखावले, गुण गेले, दंड झाला. हे सर्व नफ्या-तोट्याच्या पहिल्या पानावर दिसते. दुसऱ्या पानावर हे दिसते, की त्यांच्यानंतर येणाऱ्या मुलींना कराराशिवाय उभे राहावे लागले नाही. झाड लावणाऱ्याने फळ खाल्लेच पाहिजे, असा नियम नाही. २०२३ च्या विश्वचषकात डेन्मार्कच्या महिला पुन्हा खेळल्या. २००७ नंतर प्रथमच.

आपल्या घरापाशी

वाचकहो, डेन्मार्क हा आपल्यापासून दूरचा देश, तेथील हवामान थंड आणि त्यांचा खेळ आपल्या घरांत फारसा न बोलला जाणारा. तरीही या बचावपटूच्या कारकिर्दीत दोन गोष्टी आपल्या ओळखीच्या वाटतात.

पहिली गोष्ट अपयशाची. आपल्या घरांत मुलांच्या हातून एखादा व्यवहार फसतो, एखादी परीक्षा हुकते, नवी शाखा वर्षभरात बंद करावी लागते. अशा वेळी घरातील वडीलधारे काय बोलतात, यावर पुढची चार वर्षे अवलंबून असतात. नॉरशोपिंगच्या त्या संध्याकाळीनंतर तेरेसाच्या संघाने तिला बाजूला सारले असते, तर रॉटरडॅमला ८३ व्या मिनिटाला गोलासमोर उजव्या बाजूने धावत येणारी कोणी उरलीच नसती. माणसाला पुन्हा त्याच कामावर उभे करणे, हा विश्वासाचा सर्वांत मोठा व्यवहार आहे. त्याला कोणतीही हमी नसते.

दुसरी गोष्ट मोलाची आणि ती थोडी बोचणारी आहे. आपल्या कितीतरी पेढ्यांवर घरातील लेकी-सुना हिशेब पाहतात, माल उतरवून घेतात, गिऱ्हाईक सांभाळतात, उधारीच्या आठवणी करून देतात. त्यांच्या कामाची नोंद कोणत्या खात्यात असते? बहुधा कोणत्याच नाही. ते ‘घरचेच’ काम म्हणून धरले जाते. डेन्मार्कच्या खेळाडूंनाही बराच काळ असेच वाटावयास लावले गेले होते, की देशासाठी खेळणे हाच पुरेसा सन्मान आहे. सन्मान आणि मोबदला यांत वैर नाही. मोल मागणारी व्यक्ती लोभी असतेच असे नाही. पुष्कळदा ती आपल्या कामाला काम म्हणा, एवढेच सांगत असते.

या दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा एका पानावर त्या घरच्या कामाचीही नोंद करून पाहावी. बचावफळीत उभे राहून वर्षभर जे नुकसान टळले, त्याचा आकडा कोणाला सांगता येणार नाही. पण ते कोणामुळे टळले, हे नाव मात्र प्रत्येक घराला ठाऊक असते.